फिरकीतली रेती

हळू, हळू! असं एकदम उचलू नका. मी फिरकीचा तांब्या बोलतोय, आणि मला दचकायची खोड आहे. कुणाचं नुसतं नख लागलं तरी तोंडून ‘ठण्ण’ निघतं आणि ते बराच वेळ पोटात घुमत राहतं. थांबा, विरू द्या. हां. आता सांगतो.

माझ्या गळ्याला बाहेरून फिरकीच्या आट्या आहेत आणि झाकणाला आतून. झाकण फिरवत फिरवत बसवलं की मला आडवा करा, उलटा करा, थेंब गळायचा नाही. म्हणून गावाला निघालेला माणूस आधी मला शोधतो आणि मग जोडे.

माझा जन्म देऊळगाव राजाचा. इंद्रभान तांबटानं मला घडवलं. पितळेच्या पत्र्यावर त्याचा पहिला हातोडा पडला तेव्हा मी जो दचकलो, तो अजून सावरलेलो नाही. आट्या तो कानशीनं हातानंच पाडायचा, त्यामुळे एकाच्या आट्या दुसऱ्याशी जुळत नसत. माझ्या गळ्यावर आणि झाकणावर त्यानं एकेक बारीक खूण ठोकली. खुणेला खूण लागली की झाकण लोण्यासारखं फिरतं. “ह्याचं झाकण ह्यालाच,” तो गिऱ्हाइकाला बजावायचा. “हरवलं तर दुसरं बसायचं न्हाई. मग ह्याच्यात फुलं लावा!”

बालाजीच्या जत्रेत मला भगवानरावांनी घेतलं. देऊळघाटचे शेतकरी, आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. त्यांच्या खांद्याला लटकून मी बुलढाण्याच्या कचेरीत गेलो, मलकापूरच्या स्टेशनावर गेलो, कितीतरी लग्नांत जेवणावळीच्या कोपऱ्यात बसलो. मला एकच नाद लागला, पाणी ओळखायचा. खाली पूर्णेकडचं पाणी खारवट, घाटावरचं गोडं. नवीन विहिरीचं पाणी पोटात पडलं की मी विचार करत बसे, हे कुठून आलं असेल? खडकातून का मातीतून? यापूर्वी कोण प्यालं असेल?

मग भगवानरावांनी शहरातून थर्मास आणला आणि मी फळीवर गेलो. तिकडे विलायतेत लढाई पेटली होती. मोडवाले गल्लीतून “पितळ, तांबं, कासं!” ओरडत फिरायचे. एक मोडवाला ओट्यावर बसून सांगत होता, की या पितळेची म्हणे काडतुसं होतात. मी फळीवर दचकलो. माणसांना पाणी पाजणारा मी, माझं काडतूस?

त्या घरात माझ्यासारखंच दचकणारं आणखी एक जण होतं. भगवानरावांची मुलगी मंजुळा. पाल दिसली की किंचाळायची, दार वाजलं की हातातलं पुस्तक पाडायची. बुलढाण्याच्या शाळेतून मॅट्रिक झाली होती आणि तिला अमरावतीच्या कॉलेजात जायचं होतं. भगवानराव शिकवण्याच्या आड नव्हते. त्यांची अडचण वेगळी होती.

“जे पोरगी घरच्या पालीले भेते, थे परगावी एकटी कशी राहीन?” ते म्हणायचे. “रातच्याला भेली त कोनाले हाक मारीन?”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मंजुळा खरंच भ्यायची.

तेवढ्यात शाळेतल्या विमलबाईंनी मुलींची पायी सहल काढली. रोहिणखेडपासून देऊळघाटापर्यंत, जुन्या फौजेच्या वाटेनं घाट चढायचा. सडक वळसे घेत जाते. ही वाट सरळ डोंगराच्या छाताडावर चढते. आता तिथून गुराखीसुद्धा क्वचित जातात. मंजुळेची मैत्रीण गुलनार येणार होती, म्हणून मंजुळाही येते म्हणाली. बोलून गेली आणि घाबरली.

भगवानराव मिशीतल्या मिशीत हसले. “चढ. मी सडकेनं बैलांची दमणी घेऊन येतो संगं. दमणीत पाय न ठेवता वर आली, त अमरावती. ठेवला, त मंग पुन्हा नाव काढजो नको.”

“नक्की, बाबा?”

“म्या शब्द देल्ला.”

मंजुळेनं त्या दिवशी फळीवरून मला काढलं, चिंच लावून घासलं. दोघांनी एकमेकांना धीर द्यावा, तर दोघांजवळही नव्हता!

आदल्या दिवशी आम्ही रोहिणखेडला गेलो, गुलनारचे मामू बद्रुद्दीन यांच्याकडे. संध्याकाळी जुन्या मशिदीच्या पायऱ्यांशी मुली बसल्या आणि मामूंनी त्या वाटेची गोष्ट सांगितली.

“बादशाही जमान्यातली बात हाये. दोन फौजा इथं भिडल्या. एकीपाशी पाणी होतं, दुसरीपाशी नाई. उन्हाचे दिवस. घोड्यांच्या जिभा बाहेर. मंग कोनाले तरी दूर शिंदीचं बन दिसलं. शिंदी हाये म्हणजे खाली पाणी हायेच. सारे तिकडंच धावले. लढाई राह्यली बाजूले!”

“मग जिंकलं कोण, मामू?” विमलबाईंनी विचारलं. त्या पुण्याकडच्या; त्यांना तारीख, वार, राजाचं नाव सगळं हवं असायचं.

“ज्याच्यापाशी पाणी होतं, थो,” मामू म्हणाले.

मला कितीतरी विचारायचं होतं. त्या फौजेचं पाणी वाहत कोण होतं? पखालीतून नेत होते की घागरींतून? फिरकीचा तांब्या तेव्हा होता का? नसेल तर घोडा उधळल्यावर पाणी सांडायचं का? पण तांब्याचं कोण ऐकतं.

पहाटे निघताना गुलनारच्या मुमानींनी, म्हणजे मामूंच्या पत्नी नूरजहांबींनी, मला उचललं. त्यांचं स्वयंपाकघर पाहून मी चकित झालो. सगळी भांडी तांब्याची, बाहेरून लाल आणि आतून कलईनं चांदीसारखी पांढरी. आंबट, तिखट, काहीही ठेवा. त्या माउलीनं मला चकचकीत पाहिलं आणि मीही त्यांच्या भांड्यांसारखाच आतून कलईचा, असं धरलं.

“बेटी, पाणी नाई टाकलं,” त्या मंजुळेला म्हणाल्या. “गुळाचं निंबूशरबत टाकलं. घाटावर जीव घाबरा झाला का घेजो. साऱ्याईले पुरन.”

मंजुळा लाजून हसली. अहो, माझ्या आत कलई नाही! माझा गळा अरुंद. कलईवाल्याचा हात आत जात नाही. आमच्या जातीत फक्त पाणी ठेवतात. नुसत्या पितळेत आंबट पडलं की ते कळकतं. हिरवं, कडू, विषारी. देऊळघाटच्या कोणत्याही चुलीपाशी हे ठाऊक असतं. पण मंजुळेचं डोकं घाटात गुंतलेलं होतं, आणि नूरजहांबींच्या चुलीपाशी ही गोष्ट कधी उद्भवलीच नव्हती.

मी ओरडून सांगितलं असतं. पण भरलेला तांब्या वाजत नाही. आयुष्यभर नको तेव्हा वाजलो, आणि हवं होतं तेव्हा मुका.

गुलनारनं बुरखा घडी करून दमणीत ठेवला. मामूंनीच सांगितलं होतं, “घाटात काट्याबोरीशिवाय कोन पाह्यते?” मुलींनी पदर खोचले. विमलबाईंच्या खांद्याला कॅनव्हासची छागळ होती, ती सगळ्यांच्या पाण्याची. मी राखीव होतो. मंजुळेनं मला गळ्यात अडकवून पोटाशी धरलं होतं.

सडक आणि वाट जिथं फुटतात तिथं भगवानराव दमणी थांबवून बसले होते.

“बसता काय? बैलं ताजे हायेत,” ते म्हणाले. “याच्यापुढं वाटेनं दमणी भेटणार नाई. थेट माथ्यावरच.”

“नको, बाबा.”

“पाह्य बाप्पा. वर बिबटे नाई, पण सरडे लय हायेत.”

मुली हसल्या. मंजुळाही हसली, पण माझ्या पत्र्यावर तिची बोटं घट्ट झाली ती मलाच कळली.

मग वाट सुरू झाली. वाट कसली, दगडांचा ओहोळच तो. पाऊल टाकावं तर मुरूम सरकायचा, झुडूप धरावं तर काटा. कुसळं लुगड्याच्या काठात शिरून पायाला टोचत. मधेच कुठं दगड नीट बसवलेले दिसायचे, जुन्या फरसबंदीसारखे, आणि विमलबाई तिथं वाकून पाहायच्या. “यावरून तोफा नेल्या असतील का गं?” मुली म्हणायच्या, “बाई, आधी आम्हाला न्या!”

ऊन वाढलं. छागळीतून पाणी झिरपत होतं ते वेगळं आणि मुली पीत होत्या ते वेगळं. घाट अर्धा झाला आणि छागळ सुरकुतून लोंबू लागली. एका मुलीला भोवळ आली. तिला सावलीत बसवून विमलबाई म्हणाल्या, “मंजुळा, आता तुझा तांब्या काढ.”

इकडे माझ्या आत काय चाललं होतं, काय सांगू! आधी चुणचुण, मग आग. सकाळचं गोड सरबत आता कडू जहर झालं होतं. मंजुळेनं मला मांडीवर घेतलं. एक आटी फिरली. दुसरी फिरली. मी वाट पाहत होतो, कुणीतरी निदान वास घ्या!

तेवढ्यात तिच्या मागच्या गवतातून तितरांचा थवा ‘फर्रर्र’ करून उडाला.

मंजुळा किंचाळली. मी उडालो. आणि मग जो घरंगळलो! दगडावर ठण्ण, झाडावर ठण्ण, पुन्हा दगडावर ठण्ण. झाकण एकीकडे, मी एकीकडे, सरबत वाटेवर. सारा घाट माझ्या आवाजानं भरून गेला. खाली एका नाल्याच्या काठी अडकलो तेव्हा पोटात थेंब नव्हता. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

वर मात्र कुणी हसत नव्हतं.

“मंजे, तुझ्या दचकण्याले काय म्हणावं व!” कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं.

मंजुळा बसत, घसरत माझ्याकडे उतरू लागली. गुलनार तिच्या मागे. गुलनारनं मला उचललं, नाकाशी नेलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

“मंजू, हे पाह्य. आतून हिरवं झालं हाये. कळकलं व सारं!”

“अगं बाई, निंबू! माझ्या ध्यानातच आलं नाही.”

“मुमानीनं आपल्या घरचा समजून निंबू टाकला. तुमच्या तांब्याले कलई नसते, तिले काय माहीत! हे पेल्लो असतो त साऱ्याजणी ओकत बसलो असतो इथं.” तिनं मला मंजुळेच्या हातात दिलं. “तू भेली म्हणून वाचलो.”

मंजुळेनं वाकून माझ्या आत पाहिलं. कॉलेजाच्या परीक्षेसाठी आम्ल आणि धातू तिनं आगाऊच पाठ केले होते. ते असे भेटतील असं तिला वाटलं नव्हतं.

“वाचलो, पण आता पाणी नाही,” ती म्हणाली.

वरून विमलबाईंची हाक आलीच. “मुलींनो, वर या! पाण्याशिवाय पुढं जायचं नाही. आपण सडकेकडे उतरू आणि दमणीला हाक मारू.”

बाईंचं बरोबरच होतं. त्यांच्या जिवावर मुली आल्या होत्या. पण दमणी म्हटल्यावर मंजुळेचा चेहरा असा झाला, की मला इंद्रभानचा हातोडा आठवला.

“झाकण?” ती एकदम म्हणाली.

“राहू दे व झाकण!”

“नाही. याला दुसरं बसत नाही.”

आणि ती झाकण शोधत नाल्यानं खाली गेली. मला काखेत मारून. नाल्याचं एक वळण गेलं, आणि झाकण रेतीत पालथं पडलेलं दिसलं. ती वाकली. वर पाहिलं, आणि तशीच राहिली.

समोर शिंदीची तीन-चार झाडं होती. बन नव्हे, जुन्या बनाची उरलेली भावकी म्हणा.

“गुलनार!” ती ओरडली. यावेळी भीतीनं नाही. “मामू काय म्हणाले होते? शिंदी आहे म्हणजे—”

“—खाली पाणी हायेच!”

विमलबाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. नाला कोरडा ठणठणीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं, सावलीत बसवलेल्या मुलीकडे पाहिलं.

“बाई, थोडा वेळ द्या,” मंजुळा म्हणाली. “फक्त थोडा.”

“त्या खडकाला सावली टेकेपर्यंत,” बाई म्हणाल्या. “मग मात्र सडक.”

झिरा खणणं वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात नद्या आटल्या की बायका रेतीत खड्डा करून पाणी काढतात. दोघी हातांनी रेती उपसू लागल्या. वरची रेती भाजत होती. मग कोमट लागली. मग मंजुळेनं झाकण हातात घेतलं आणि त्यानं खरवडू लागली. माझं झाकण! ज्या आट्या इंद्रभाननं डोळ्यांत तेल घालून पाडल्या, त्यात खरखर रेती शिरत होती. मला वाईट वाटलं का? खरं सांगू, मला तेव्हा फक्त एकच उत्सुकता होती. खाली काय आहे?

दगडाखालून एक खेकडा बाहेर आला. मंजुळा किंचाळून मागे पडली. उठली, पुन्हा खणू लागली. मग एक गोम. पुन्हा किंचाळली, पुन्हा खणू लागली. वरच्या मुली आता एकेक करत उतरून आल्या होत्या. एकीनं मोजता मोजता विचारलं, “अजून किती वेळा ओरडशील, मंजे?”

“लागलं पाणी की थांबते,” मंजुळा म्हणाली.

रेती गार झाली. ओली झाली. सावली खडकाच्या जवळ आली होती. खड्ड्याच्या तळाशी चमकलं काहीतरी, मातकट, चूळभर. गुलनारनं ते उपसून फेकलं. पुन्हा भरलं, पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा जे आलं ते निवळ होतं.

सावली खडकाला टेकली. विमलबाईंनी पाहिलं, आणि मुद्दाम पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

आधी दोघींनी माझ्यात ओली रेती घालून खळखळवली आणि माझं पोट हिरव्याचं पिवळं केलं. मग झाकणानं थोडं थोडं पाणी माझ्यात भरलं. भोवळ आलेली मुलगी आधी प्यायली. मग सगळ्या, वरून धार धरून. कुणाच्या घरच्या हातानं कुणाला पाजलं, ते मी पाहिलं नाही. मी चव घेण्यात गुंग होतो. मातीची, मुळांची, थोडी तुरट. हेच पाणी त्या तहानलेल्या फौजेला मिळालं असेल का? कोण जाणे. पाणी तर दर पावसाळ्याला नवं येतं. शिंदीच्या मुळांनी जागा तेवढी धरून ठेवलेली असावी.

शेवटी मला भरून त्या निघाल्या. पण झाकण बसेना. खुणेला खूण लावली, तरी ‘कर्र’ करून अर्ध्यावर अडलं. मंजुळा उरलेला सगळा घाट झाकणावर तळहात दाबून, मला सरळ धरून चढली. हात मोकळा नाही, धरायला झुडूप नाही. दोनदा गुडघे फुटले. मी कलंडलो नाही.

माथ्यावर दमणी सोडलेली होती. भगवानराव दगडावर बसून सडकेकडे पाहत होते. त्यांना वाटलं होतं, मुली तिकडूनच हाका मारत येतील. मागून आवाज आला तसे ते वळले. लेकीचे फुटलेले गुडघे पाहिले, मातीनं भरलेली नखं पाहिली. मिशी हलली.

मंजुळेनं मला पुढं केलं. “प्या, बाबा.”

त्यांनी झाकण काढलं. कर्र. “यात रेती काऊन हाये?”

“फौजेचं पाणी आहे. खणून काढलं.”

ते प्याले. घटाघट प्याले. आणि त्याच क्षणी त्यांच्या दगडावरून एक सरडा सळकन गेला, आणि मंजुळा अशी किंचाळली, की बैलांनी माना वर केल्या!

भगवानराव खो खो हसू लागले. “पाह्य! फौजेचा घाट चढून आली, अन् अजून भेतेच!”

मंजुळेचा चेहरा उतरला. मग तिनं श्वास घेतला. “भेतेच, बाबा. पण आली ना?”

हसणं थांबलं. त्यांनी मला पुन्हा तोंडाशी नेलं, रिकामा होतो तरी.

“अमरावतीले बी पाली असतेत,” ते शेवटी म्हणाले.

“असू द्या. तिथं भेईन.”

“हाव,” ते म्हणाले. “तिथंच भेजो.”

आज मी अमरावतीला, मुलींच्या वसतिगृहात, मंजुळेच्या खिडकीत आहे. अंगावर त्या घरंगळण्याचे पोचे आहेत. रस्त्यानं मोडवाला गेला की अजून दचकतो. परवा तिच्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, “किती खरखरतो गं हा! तेल नि ब्रश आण, आट्या साफ करून देते.” मंजुळेनं मला तिच्या हातातून काढून घेतलं. “राहू दे,” एवढंच म्हणाली.

तुमच्या हातात मी कधी आलो, तर माझीही तेवढीच विनंती आहे. पाणी भरा, थंडगार प्या, हवं तर पुन्हा फळीवर ठेवा. आंबट तेवढं घालू नका, आणि फिरकीतली रेती काढू नका. झाकण पुरतं बसत नाही, हे खरं. पण ते फिरवताना जी ‘कर्र’ होते ना, तिच्यात तो सगळा घाट आहे.

अग्गं बाई! कोण आहे? दार वाजलं. मी ठण्ण केलं आणि मंजुळेच्या हातून पुस्तक पडलं. पुन्हा दचकलो दोघं.

ती दार उघडायला उठलीसुद्धा.